पोहण्याच्या इंग्रजी शब्दांत लॅटिन नेमकं कुठं आहे?

कोपरीकर

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, तरणतलावाच्या फाटकावर साधारण अशी पाटी असते : ‘प्रॉपर स्विमिंग कॉस्च्यूम अँड कॅप कंपल्सरी. टेक शॉवर बिफोर एंटरिंग द पूल. डायव्हिंग प्रोहिबिटेड.’

हे शब्द एकेक करून व्युत्पत्तिकोशात पाहा. स्विम, शॉवर, पूल, डाइव्ह हे जुन्या इंग्रजीतले, म्हणजे जर्मानिक घराण्यातले. प्रॉपर, कॉस्च्यूम, कॅप, कंपल्सरी, एंटर, प्रोहिबिट हे लॅटिनचे. थोडक्यात, अंग भिजवणारे शब्द जर्मानिक आणि हुकूम सोडणारे लॅटिन, असं माझं मत झालंय.

पण लॅटिनला पोहण्यासाठी स्वतःचं क्रियापद होतं. ते इंग्रजीत आलं का? आलं असेल तर कुठं राहतं? आणि प्रत्यक्ष पाण्यात असताना वापरला जाणारा एखादा तरी लॅटिन शब्द आहे का? कोशात पडताळूनच लिहा ही विनंती. नुसत्या आवाजाच्या साम्यावर जाऊ नका.

घंटाळी

क्रियापदं दोन : नारे आणि नतारे. नतारे हे नारेचं पौनःपुन्यवाचक रूप, म्हणजे ‘पुन्हा पुन्हा पोहणे, पोहत राहणे’. लॅटिनमध्ये ही सोय बऱ्याच क्रियापदांना आहे. कानेरे म्हणजे गाणे, त्याचं कान्तारे.

नतारेचे इंग्रजीतले वारस मोजकेच. नेटेशन म्हणजे पोहण्याची कला. नेटेटोरियम म्हणजे तरणतलावाची इमारत. अमेरिकेत विद्यापीठांचे छताखालचे तलाव अजून हे नाव लावतात. नेटेटोरियल म्हणजे पोहायला जुळवून घेतलेला, हा प्राणिशास्त्रातला शब्द. चौथा सुपरनेटंट. रोजच्या बोलण्यात यातला एकही नाही.

१९०८ साली लंडनमध्ये जलतरणाचा जागतिक महासंघ स्थापन झाला त्याचं नाव फ्रेंच होतं, फिना. त्यातला ‘न’ नेटेशनचाच. २०२३ च्या सुरुवातीपासून तो वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स म्हणून ओळखला जातो. नतारे गेलं, त्या जागी अक्वा, म्हणजे पाणी, आलं. दोन्ही लॅटिनच.

ऐरोलीची_गौरी

नारेचा वर्तमानकाळ पाठ करायला फार गोड आहे. नो, नास, नत, नामुस, नातिस, नन्त. पहिल्या दिवशी पाण्यात उतरायला नको म्हणणारं पोर ‘नो, नो’ करून रडतं ना, ते लॅटिनमध्ये ‘मी पोहतो, मी पोहतो’ म्हणत असतं :)

पाचपाखाडी

गौरीताई, आणि ‘आम्ही पोहतो’ला नामुस! न पोहता परत आलात तर नामुष्की.

जारटेस्ट

सुपरनेटंट रोजच्या बोलण्यात नाही असं घंटाळी म्हणतात, पण महापे-रबाळेच्या प्रयोगशाळांत तो दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. सुपर म्हणजे वर, नतान्स म्हणजे पोहणारा. गाळ तळाशी बसल्यावर त्याच्या वर राहतं ते नितळ पाणी.

जार टेस्टमध्ये, म्हणजे गढूळ पाण्याला तुरटीची किती मात्रा लागेल ते पाहायच्या चाचणीत, हा शब्द डोळ्यांना दिसतो. तुरटीचा १ टक्क्याचा द्राव करायचा, म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम. गढूळ पाण्याचे १ लिटरचे सहा बीकर मांडायचे. द्रावाचा १ मिली म्हणजे त्या बीकरला १० मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा. बीकरमागे मात्रा वाढवत न्यायची. ढवळायची पाती मिनिटाला १०० फेऱ्यांनी १ मिनिट, मग ३० फेऱ्यांनी १५ ते २० मिनिटं, मग अर्धा तास हात लावायचा नाही. कापसाच्या कणांसारखा गाळ खाली बसतो आणि वर सुपरनेटंट ‘पोहत’ राहतं. नमुना पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवरून पिपेटने हळूच ओढायचा. टोक खोल गेलं की बसलेले कण वर येतात, गढूळपणा खोटाच जास्त दिसतो आणि चांगली मात्रा आपण नापास करून टाकतो.

एक सावधगिरी. तलावात टाकायच्या सोडियम हायपोक्लोराइटमधलं सोडियमचं चिन्ह ‘एनए’ हे नतारेवरून आलेलं नाही. ते नेट्रियम. मूळ नेट्रॉन, खारा सोडा. तलावाशी संबंध आला तो योगायोगाने.

नेरुळ_सेक्टर१९

मग अँटिनेटल, नेटिव्ह, नेशन यांचं काय? बाळ पोटात पाण्यातच पोहत असतं, म्हणून ‘नेटल’ नतारेवरून असेल का?

व्युत्पन्न

कल्पना गोड आहे, पण नाही. नेटल, नेटिव्ह, नेशन, नेचर ही सगळी ‘नासकी’, म्हणजे जन्म घेणे, या क्रियापदाची पिल्लं. त्याचं जुनं रूप ‘ग्नासकोर’. तो गळलेला ‘ग’ कॉग्नेट या शब्दात अजून शिल्लक आहे. संस्कृतात त्याचा भाऊ जन्, जन्म. लॅटिनमधून आलेल्या अशा शब्दाच्या धातूत ‘नेट’ ऐकू आलं की आधी विचारायचं, मागे ‘ग’ होता का? होता तर जन्म, नव्हता तर पोहणं.

आता नारेचा संस्कृत भाऊ. भारोपीय, म्हणजे संस्कृत-लॅटिनच्या समान पूर्वज भाषेतल्या, मूळ धातूच्या सुरुवातीला ‘स’ होता. लॅटिनने तो टाकला, संस्कृतने ठेवला : स्ना. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘ष्णा शौचे’. तिकडे अर्थ पोहण्याकडे गेला, इकडे आंघोळीकडे. प्राकृतात स्नानचं ण्हाण झालं, मराठीत न्हाणं, न्हाणीघर. न्हावी हाही इथलाच. मूळ स्नापित, म्हणजे दुसऱ्याला आंघोळ घालणारा. पालीत नहापित, प्राकृतात ण्हाविअ, मराठीत न्हावी.

मला सर्वांत आवडणारे दोन अजून सांगायचेत. विद्या पूर्ण झाल्यावर विधिपूर्वक स्नान केलेला तो स्नातक. आणि विषयात खोलवर न्हालेला तो नि-ष्णात. म्हणजे ‘नेटेशनमध्ये निष्णात’ असं लिहिलं तर आपण एकाच धातूच्या पाण्यात दोनदा बुडी मारतो.

पाचपाखाडी

वा! मग इमर्शनचंही सांगून टाका. गणपतीत इंग्रजी पेपर विसर्जनाला ‘इमर्शन’ लिहितात, ते खटकतं.

व्युत्पन्न

खटकणं बरोबर आहे. विसर्जन सृज् धातूवरून, सोडणे, निरोप देणे. त्यात पाणी नाहीच. आवाहन केलेल्या देवतेला निरोप दिला की विसर्जन झालं, मग मूर्ती घरच्या बादलीत असो, कृत्रिम तलावात की खाडीत. इमर्शन मात्र लॅटिन मेर्गेरेवरून, बुडवणे. सबमर्ज म्हणजे खाली बुडवणे, इमर्ज म्हणजे बुडालेलं वर येणे, इमर्जन्सी म्हणजे अचानक वर आलेलं संकट.

मेर्गेरेचा संस्कृत भाऊ मस्ज्, मज्जति. ‘र’ आणि ‘स’ कसे जुळतात? मूळ मधल्या ‘झ’चा लॅटिनने ‘र’ केला. म्हणून इमर्स्डला आपण ‘निमग्न’ म्हणतो ते नुसतं भाषांतर नाही, धातूही तोच आहे. वाचनात मग्न झालेला माणूस व्युत्पत्तीने बुडालेलाच असतो.

घंटाळी

घरोघरीचा इमर्शन रॉड विसरू नका. तिथं हा शब्द शब्दशः पाळावा लागतो. रॉडवर पाण्याच्या पातळीची वरची आणि खालची खूण असते. आधी रॉड पाण्यात, खुणांच्या मध्ये पाणी, मग बटण. उलट्या क्रमाने केलं तर उष्णता घ्यायला पाणी नसतं आणि वेटोळं जळतं. काढताना आधी बटण बंद. मगच पाण्याला हात.

मीठबंदर

फ्लोट आणि फ्लो राहिले की. फ्लुइड, फ्लुएंट लॅटिन फ्लुएरेवरून, म्हणजे फ्लोट, फ्लोही लॅटिनच. कोपरीकरांची पाण्यातला लॅटिन शब्द हवा ही मागणी इथंच पूर्ण होते.

व्युत्पन्न

मीठबंदर, हा सापळा फार जुना आहे. अर्थ एक, आवाज एक, तरी नातं नाही. तपासायची रीत सोपी आहे. जर्मानिक ‘फ’ असेल तर संस्कृतात ‘प’ सापडायला हवा : फादर–पितृ, फूट–पाद, फाइव्ह–पञ्च. लॅटिन ‘फ’ असेल तर संस्कृतात बहुधा ‘भ’ : फ्रातेर–भ्रातृ, फेरो–भरामि. आता फ्लो आणि फ्लोट घ्या. ‘फ’च्या जागी ‘प’ ठेवा. प्लु, प्लवते! शाळेच्या विज्ञानात प्लावक बल शिकलो तेच हे. लॅटिनमध्ये या धातूला प्लुएरे म्हणतात, पण तिथं अर्थ पाऊस पडणे. फ्लुएरेचा धातू वेगळा आहे.

फ्लोटेशन हा मात्र संकर. इंग्रजी धडाला लॅटिन शेपूट. आधी स्पेलिंगमध्ये फ्लोटचा ‘ए’ शिल्लक होता, पुढे तोही गळला.

मीठबंदर

मान्य. फ–प ची कसोटी लिहून ठेवली.

जीवरक्षक_कळवा

कोपरीकरांच्या मताला भक्कम आधार देतो. बुडणाऱ्याला वाचवायचा क्रम जगभर चार शब्दांत शिकवतात : रीच, थ्रो, रो, गो. आधी काठावर आडवं पडून काठी किंवा टॉवेल पोचवा. नाही पोचला तर तरंगणारं काहीतरी फेका. तेही नाही तर होडी. स्वतः पाण्यात जायचं ते सर्वांत शेवटी आणि प्रशिक्षण असेल तरच, कारण घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला खाली दाबून स्वतः वर यायला बघतो. चारही शब्द जुन्या इंग्रजीतले. घाईत ओरडायला एका झटक्यात उच्चारता येणारे शब्द लागतात.

माणूस काठावर आला की लॅटिन सुरू. रेस्क्यू, रिससिटेशन. रेस्क्यू फ्रेंचमधून घासून आलाय, आत री आणि एक्सकुतेरे आहे, झटकून सोडवणे. सीपीआरमधला कार्डिओ ग्रीक, पल्मोनरी लॅटिन.

व्युत्पन्न

पल्मोनरीवर एकच वाक्य. लॅटिन पुल्मो म्हणजे फुप्फुस, आणि कोशकार त्याला वरच्याच प्लु धातूशी जोडतात : तरंगणारा अवयव. कापलेल्या जनावराचे बाकी अवयव पाण्यात बुडतात, फुप्फुस तरंगतं.

खारफुटी

थोडं विषयांतर, पण खाडीकाठच्यांना आवडेल. जुन्या पक्षिशास्त्रात पोहणाऱ्या पक्ष्यांचा एक गण होता, नेटेटोरिस. शेजारी दलदलीत चालणाऱ्यांचा गण, ग्रॅलेटोरिस. लॅटिनमध्ये ग्राल्लाए म्हणजे लाकडी उंच पाय, आपल्याकडे पोरं बांबूचे बांधून चालतात तसे. हे गण आता कोणी वापरत नाही, शरीररचनेपेक्षा वंशावळ पाहतात. ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तर दोन्हीकडे बसतात : पाय काठ्यांसारखे आणि बोटांत पोहायचा पडदाही. खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ओहोटीला पाहा, गाळात चालताना ग्रॅलेटोरिस. पाणी चढलं की तेच पक्षी तरंगताना दिसतात.

ऐरोलीची_गौरी

पिशिना कोणी सांगितलाच नाही. पिस्किस म्हणजे मासा, पिस्किना म्हणजे माशांचं तळं. रोमन लोक पुढे आंघोळीच्या मोठ्या हौदालाही तेच म्हणू लागले. आज इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये तरणतलावाला तोच शब्द आहे, फ्रेंचमध्ये पिसीन. इंग्रजीत मात्र तो चर्चमध्ये जाऊन बसला : वेदीजवळचं, भांडी धुतलेलं पाणी सोडायचं दगडी भांडं. मीन राशीचं इंग्रजी नावही याच माशाचं.

शिट्टी

स्पर्धेच्या नियमपुस्तिकेतले शब्द पाहा. सुरुवातीनंतर आणि वळणानंतर फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायमध्ये १५ मीटरपर्यंत पूर्ण पाण्याखाली राहता येतं, तिथं शब्द ‘सबमर्ज्ड’. त्या खुणेपर्यंत डोक्याने ‘सर्फेस’ फोडलंच पाहिजे. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात ‘सायमल्टेनिअसली’ पुढे यायला हवेत. चुकलं तर ‘डिसक्वालिफाय’. सगळं लॅटिन. मेडलीही, म्हणजे चारही प्रकार मिसळलेली शर्यत, लॅटिन मिस्केरेवरून, मिसळणे. आपल्या मिश्रचा भाऊ. वैयक्तिक मेडलीत क्रम बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. रिलेत बॅक पहिला येतो, कारण त्याची सुरुवात पाण्यातून होते. मध्ये ठेवला तर पुढच्याने उडी कुठून मारायची आणि आधीच्याने भिंत कुठं शिवायची याचा गोंधळ होईल.

म्हणजे कोपरीकर म्हणतात तसंच. पाण्यात जर्मानिक, कागदावर लॅटिन.

हाय_एल्बो

इथं मी असहमत आहे, आणि जरा सविस्तर लिहितो.

फ्रीस्टाइलचा एक हात शिकवताना आपण पाच टप्पे सांगतो : एंट्री, कॅच, पुल, पुश, रिकव्हरी. हे नियमपुस्तिकेतले नाहीत, काठावरून ओरडायचे शब्द आहेत. आता एकेक तपासा.

एंट्री, हात पाण्यात शिरतो. लॅटिन इन्त्रारे.

कॅच. हात पुढे लांबल्यावर बोटं खाली वळवायची, कोपर वर ठेवायचं, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग उभा करून पाणी ‘धरायचं’. नवशिक्यांची नव्वद टक्के चूक इथंच होते. कोपर खाली पडतं, तळवा पाणी मागे न ढकलता खाली दाबतो, त्यामुळे डोकं-छाती वर उचलते, पाय बुडतात, आणि माणूस दमतो पण पुढे जात नाही. शब्द आला लॅटिन काप्तारेवरून, पकडू पाहणे. उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचं काशिए झालं, इंग्रजीत कॅच.

पुल, हा जुन्या इंग्रजीतला. पाचातला एकटा.

पुश. हात छातीखालून मांडीपर्यंत नेताना पाणी मागे ढकलायचं. बरेच जण कमरेपाशीच हात वर काढतात आणि जिथं वेग मिळायचा तोच तुकडा सोडून देतात. शब्द लॅटिन पुल्सारेचा, फ्रेंचमार्गे.

रिकव्हरी, हात सैल सोडून पाण्यावरून पुढे आणायचा. लॅटिन रेकुपेरारे, गेलेलं परत मिळवणे.

पाचातले चार लॅटिन! आणि हे सगळे पाण्यात, दम लागलेला असताना वापरायचे. आता खरी गंमत. पुल्सारे हे पेल्लेरे, म्हणजे ढकलणे, याचं पौनःपुन्यवाचक रूप आहे. घंटाळींनी सांगितलेलं नारे–नतारे तसंच हे. आणि पेल्लेरेवरूनच कोम्पेल्लेरे, त्यावरून कोपरीकरांच्या पाटीवरचा ‘कंपल्सरी’. फाटकावरचा हुकूम आणि पाण्यातला रेटा एकाच क्रियापदाचे.

घंटाळी

हे अप्रतिम आहे. म्हणजे भेद पाणी आणि कागद असा नाहीच. भेद रस्त्याचा. कॅच, पुश, एंटर हे नॉर्मनांच्या फ्रेंचमधून शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात घासले गेले, म्हणून आखूड झाले आणि घरचे वाटतात. नेटेशन, सबमर्ज, सायमल्टेनिअस हे विद्वानांनी लॅटिन पुस्तकांतून थेट उचलले, म्हणून शेपटासकट आले. इंग्लंडमध्ये पोहण्यावरचा पहिला ग्रंथसुद्धा लॅटिनमध्येच छापला गेला, एव्हरार्ड डिग्बीचा, १५८७ साली. इंग्रजीत उतरायला १५९५ उजाडलं.

नेरुळ_सेक्टर१९

कॉस्च्यूमही घासलेलाच का?

व्युत्पन्न

हो, इटालियन आणि फ्रेंचमार्गे. मूळ कोन्सुएतूदो, म्हणजे रीत, सवय. कस्टम त्याचा सख्खा भाऊ. ट्रंक्समध्ये त्रुंकुस, झाडाचं खोड. गॉगल्समध्ये मात्र लॅटिन शोधू नका.

कोपरीकर

हाय_एल्बो, माझं मत मी बदलतो. कॅच आणि पुश समोर ठेवल्यावर ते टिकत नाही. घंटाळींचा रस्त्याचा मुद्दा जास्त पटतो.

मग सहज मराठी पाटी लिहून पाहिली. ‘सूर मारण्यास सक्त मनाई. परवानगीशिवाय आत येऊ नये. सामानाची जबाबदारी ज्याची त्याची.’ सक्त फारसी, मनाई अरबी, परवानगी फारसी, सामान आणि जबाबदारीही त्याच वाटेने आलेले. जिथं इंग्रजीत लॅटिन, तिथं मराठीत दरबारी फारसी. पाणी, बुडी, तरंगणे, डुंबणे मात्र आपले.

हाय_एल्बो

कोपरीकर, परत तीच रेघ ओढताय :) काठावरून मराठीत काय ओरडतात ते ऐका. ‘दम धर! पाणी जोरात मागे ढकल!’ इथला दम म्हणजे श्वास, तो फारसी. संस्कृतातला दम वेगळा, मनोनिग्रहाचा. आणि जोरही फारसीच.